बारा तासिकांत कोणता इतिहास शिकवावा?

नवी मुंबईतल्या घणसोलीतील ज्या शाळेत मी इतिहास शिकवते, तेथे नववीसाठी पाठ्यपुस्तकाबाहेरच्या बारा तासिका आखण्याचे काम गेल्या जूनमध्ये माझ्याकडे आले. पहिला आराखडा मी दोन दिवसांत लिहिला. शिलाहारांचे श्रीस्थानक म्हणजे आजचे ठाणे, अंबरनाथचे १०६० मधील शिवालय, १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेले ठाणे आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आलेली आगगाडी यांतच बाराही तासिका संपल्या.

तो वर्गात वाचून दाखवला, तेव्हा गावठाणातील एका मुलीने विचारले, “बाई, आमच्या आजोबांच्या भातशेतीवर आता सेक्टर आहे. ते इतिहासात येत नाही का?” मी आराखडा मागे घेतला.

पुढचे दोन महिने जमिनीच्या शोधात गेले. सातबारा आणि फेरफार वाचायला एका निवृत्त तलाठ्यांनी शिकवले. नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ सिडको १९७० मध्ये स्थापन झाल्यानंतरचे भूसंपादन, त्याविरुद्धचे शेतकऱ्यांचे आंदोलन, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू पावलेले पाच आंदोलक, दि. बा. पाटील यांचे नेतृत्व आणि पुढे आलेली, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत देण्याची योजना, हे सारे मी आगरी कुटुंबांतील वृद्धांकडून ऐकले आणि जमेल तेथे कागदांशी ताडून पाहिले. मात्र निम्म्या वर्गाच्या घरी इथला सातबारा असणेच शक्य नव्हते. त्यांचे आजोबा साताऱ्याकडून मुंबईत ओझी वाहायला आले आणि घाऊक बाजार वाशीला हलल्यावर इकडे स्थायिक झाले. म्हणून ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठीचा १९६९ चा माथाडी कायदा आणि माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील यांचे कार्यही घेतले. माझ्या मते हा भाग आधीच यायला हवा होता.

आढावा बैठकीत, गोळीबाराचा विषय या वयाला झेपणार नाही, असा आक्षेप निघाला. नवी मुंबई विमानतळाला दि. बां.चे नाव देण्यासाठी २०२१ मध्ये झालेल्या आंदोलनामुळे ते मुलांच्या कानावर आहेच, मग त्यामागची हकिकत त्यांना केवळ घोषणांतून का कळावी, असे मी विचारले. चर्चा लांबली, पण अखेर आठ तासिका जमीन आणि श्रम यांना मिळाल्या. पोर्तुगीज काळाला एकच उरली, याची खंत मला आजही आहे.

पहिल्या तासिकेला प्रत्येकाने घरातील एक जुना कागद आणायचा होता. सातबाराच्या उताऱ्यांबरोबर दोन शिधापत्रिका आणि एका माथाडी कामगाराचे ओळखपत्र टेबलावर आले, आणि सबंध तासिका त्यांवरच्या तारखा व शिक्के वाचण्यात गेली.