ऐक्य कोणत्या पायावर?

धम्मचक्र प्रवर्तनदिनी वडिलांबरोबर मी पहिल्यांदा दीक्षाभूमीवर गेलो, तेव्हा रस्त्याच्या कडेला निळ्या झेंड्यांचे तीन मंडप शेजारीशेजारी उभे होते. तिन्हींवर बाबासाहेबांचे तेच छायाचित्र होते आणि रिपब्लिकन पक्ष हेच नाव होते. वेगळे होते ते फक्त कंसातले गटाचे नाव. वडिलांनी तिन्ही ठिकाणी वर्गणी दिली आणि पावत्यांची घडी खिशात ठेवत ते म्हणाले, "पक्ष आपला एकच आहे." त्या पावत्या अजून घरातल्या पत्र्याच्या पेटीत आहेत.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, तेव्हा त्याची कल्पना मांडणारे बाबासाहेब हयात नव्हते. पुढच्या दोन-तीन वर्षांतच बी. सी. कांबळे यांचा 'दुरुस्त' आणि दादासाहेब गायकवाडांचा 'नादुरुस्त' असे गट पडले. शिकलेल्यांनी घटनात्मक मार्गाने पक्ष चालवावा की भूमिहीनांच्या चळवळीवर तो उभा करावा, हा त्या वादातला खरा प्रश्न होता आणि तो प्रामाणिक प्रश्न होता, असे मला वाटते. त्याचे एक उत्तर १९६४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या सत्याग्रहाने दिले. कसणाऱ्याला पडीक जमीन द्या, या मागणीसाठी देशभर लाखो माणसे तुरुंगात गेली. आमच्याकडची म्हातारी माणसे त्या तुरुंगवासाच्या आठवणी सांगतात, तेव्हा कोण कोणत्या गटाचा होता हे त्यांच्या बोलण्यात येत नाही.

पुढे ऐक्याचे प्रयत्न अनेक झाले. त्यातला १९९८ चा अनुभव सर्वांत आशादायक होता. काँग्रेसशी समझोता करून एकत्र लढलेल्या पक्षाचे प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे हे चौघे लोकसभेत निवडून गेले आणि तेही खुल्या मतदारसंघांतून. आमच्या वस्तीत त्या रात्री कोणी झोपले नव्हते. दीड वर्षातच पुन्हा निवडणूक आली, वाटा वेगळ्या झाल्या आणि ते ऐक्य संपले. कोणा एका नेत्याला दोष देऊन हे समजणार नाही. नेत्यांनी जुळवलेले ऐक्य नेत्यांच्या जागावाटपावर मोडते. तालुक्यातल्या सभासदाने ते घडवलेले नसते, म्हणून मोडताना त्याला कोणी विचारतही नाही.

नवे नेतृत्व कुठून येणार, या प्रश्नावर मला नेहमी बाबासाहेबांची एक संस्था आठवते. जुलै १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी होते. संविधानाचा मसुदा लिहिणाऱ्या माणसाला, प्रकृती ढासळलेली असताना, नवा पक्ष काढण्याआधी शाळा काढावीशी वाटली, ही गोष्ट आपण पुरेशी मनावर घेतली नाही. त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांतच ते विद्यालय बंद पडले. त्यानंतर आपण नेता शोधत राहिलो. नेता घडवायचा असतो, हे मात्र मागे पडले.

म्हणून ऐक्याच्या नव्या बैठकीची वार्ता आली की मी आता दोनच गोष्टी विचारतो: सभासदनोंदणी एकत्र होणार का, आणि तालुका अध्यक्ष सभासदांच्या मतदानाने निवडला जाणार का? ही दोन कामे झाली, तर वरच्या नेत्यांचे काय करायचे ते सभासद ठरवतील.

आमच्या समाजमंदिरात वर्षभरापासून दर रविवारी सात-आठ मुले-मुली बसतात. त्यांचे आईवडील वेगवेगळ्या गटांत आहेत. गेल्या रविवारी गायरान जमिनीचा विषय होता. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा सरकारी निर्णय एका मुलीने मोठ्याने वाचला आणि नंतर पिशवीतून आपल्या आजोबांचा सातबारा काढून इतर हक्काच्या रकान्यावर बोट ठेवले. बाकीची मुले त्या कागदाभोवती गोळा झाली. सोमवारी ती सगळी मिळून तलाठ्याकडे गेली.