ओढा आधी चढला, पाऊस नंतर पडला

माझ्या वहीत 9 जुलैची नोंद अशी आहे: ओढ्याला पाणी चढलं 3 वाजून 10 मिनिटांनी, पाऊस सुरू झाला साडेतीनला. पाणी चढण्यासारखा त्याआधी टिपूसही नव्हता.

मी साताऱ्यात भूगोल शिकवतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास, हे फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. पण 23 जुलै 2021 च्या सकाळी महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिमी नोंदला गेला, त्यानंतर पाटणकडच्या एका मुलीनं विचारलं, "सर, डोंगरावरचं पाणी एवढ्या लवकर खाली कसं येतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी असलेल्या बामणोलीच्या वरच्या अंगाचा एक ओढा निवडला.

पाणलोट, म्हणजे ज्या जमिनीवरचं पाणी या ओढ्यात येतं ती, जेमतेम सहा हेक्टर. वर जांभ्या खडकाचा उघडा सडा, खाली झाडी. कडेकडेनं जीपीएस घेऊन चाललो तेव्हा ही सीमा हाती लागली. सहा हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 60 हजार लिटर पाणी. हा हिशोब पुढे रोज लागला. पर्जन्यमापकासाठी मोकळी जागा मिळेना. जवळचं झाड जेवढं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर हवं. शेवटी एका मामांनी नाचणीच्या वावराचा कोपरा दिला. बादली कलंडणारं यंत्र (आतली चिमुकली बादली भरली की कलंडते आणि वेळ नोंदली जाते) आणि शेजारी साधं पर्जन्यमापक, दोन्ही ठेवली. ते बरं झालं, कारण आठवड्यात यंत्राच्या भोकात पाला अडकला आणि साध्यात 31 मिमी असताना यंत्र 12 सांगू लागलं.

वाहतं पाणी मोजायला ओढ्यात आडवा पत्रा बसवला, त्याला V आकाराची 90 अंशांची खाच. खाचेच्या खालच्या टोकापासून पाणी 10 सेंटिमीटर चढलं तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर, 20 झालं तर 25. उंची दुप्पट, पाणी साडेपाचपटीहून जास्त. उंची मोजायची पट्टी मात्र पत्र्यालाच चिकटवायची नाही, तिथं पाणी आधीच झुकलेलं असतं. ती वरच्या बाजूला, दोन मीटर मागे रोवली.

मृगात 42 मिमी एका दुपारी पडला. म्हणजे 25 लाख लिटर. खाचेतून जास्तीचे गेले जेमतेम लाखभर. मला वाटलं, पत्र्याखालून गळतंय. चिखलात हात घालून सगळं चाचपलं, गळती नव्हती. मामा बांधावरून बघत होते. म्हणाले, "सर, जिमीन आधी पेती, मग वढ्याला सोडती. म्हातारा लागू द्या."

आणि मग ती 9 जुलैची नोंद. दोन रात्री आकडे उलटसुलट मांडले. ओढ्यातल्या पाण्याची उंची आपोआप नोंदवणारं यंत्र घरच्या लॅपटॉपवरून सुरू केलं होतं आणि पावसाचं कॉलेजच्या. घरच्या लॅपटॉपचं घड्याळ 55 मिनिटं मागे होतं! ओढा खरा चढला होता 4 वाजून 5 मिनिटांनी, पाऊस सुरू झाल्यावर 35 मिनिटांनी. जूनपासूनच्या सगळ्या वेळा पुन्हा दुरुस्त केल्या. एवढा लहान ओढा पाऊस पडल्यावर तासाभरातच चढतो. तिथं रोज सकाळी साडेआठची एक नोंद घेऊन काही कळत नाही, आणि घड्याळ चुकलं तर मोजलेलं सगळं वाया जातं. आता दोन्ही यंत्रं एकाच मोबाइलच्या वेळेला लावतो.

पुष्य, म्हणजे मामांचा म्हातारा, लागला आणि पाणी पत्र्यावरून वाहू लागलं. खाच निकामी. तेव्हा मिठाची पद्धत वापरली: एक किलो मीठ बादलीत पूर्ण विरघळवून वर ओतायचं आणि खाली 50 मीटरवर पाण्याची विद्युतवाहकता दर पाच सेकंदांनी टिपायची. वाहकता जितकी कमी चढेल तितकं ओढ्याचं पाणी जास्त. दगडधोंड्यांतून उसळणाऱ्या पाण्यात मीठ चांगलं मिसळतं, म्हणून डोंगरी ओढ्याला ही पद्धत शोभते. एकानं छत्री धरायची, एकानं आकडे ओरडायचे, एकानं लिहायचे. पेन चालत नाही, पेन्सिलच.

त्या आठवड्यात एकदा 38 मिमी पडला. जूनमधल्यापेक्षा थोडा कमीच. पण 23 लाखांपैकी निम्म्याहून जास्त पाणी संध्याकाळपर्यंत शिवसागराकडे निघून गेलं होतं. तो आलेख मी त्या मुलीला दाखवला. तिनं बोट ठेवलं ते मृगाच्या सपाट रेषेवर, आणि विचारलं, "मग हे पाणी अजून आतच आहे का?"

दिवाळीनंतरही खाच काढली नाही. पाणी 3 सेंटिमीटरवर आहे, आठवड्याला मोजतो.