जन्माच्या दाखल्यावर नाव नव्हतं म्हणून बाळाचं ऑपरेशन अडलं – माझा अनुभव

माझ्या बाळाला जन्मल्यापासून श्वास घेताना घरघर व्हायची, दूध पिताना तर जास्तच. पाच महिने सगळे कफ आहे म्हणत होते, वाफ दे, नेब्युलायझर दे. टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाला बारीकसं छिद्र दिसलं, ते आपोआप बुजेल म्हणाले. मग सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) केल्यावर खरं कळलं, महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, एकाऐवजी दोन कमानी आहेत आणि त्या कड्यात श्वासनलिका आणि अन्ननलिका दोन्ही आवळल्यात. डबल एओर्टिक आर्च म्हणतात. बारीक असलेली कमान कापून कडं सोडवायचं.

ऑपरेशन सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसत होतं. पण दवाखान्यात योजनेचं काम बघणारे आरोग्यमित्र म्हणाले बाळाचं नाव रेशनकार्डावर नाही, जन्माचा दाखला लावा. दाखला होता की! पण नावाची जागा कोरी, कारण बारशाच्या आधीच काढलेला, आणि बाळंतपण माहेरी, म्हणजे नोंद माहेरच्या नगरपालिकेत. बाळ ऑक्सिजनवर, त्याला ह्यांच्याजवळ ठेवून मी भावाच्या गाडीवर गेले. पहिल्या दिवशी सही करणारे साहेब मीटिंगला. दुसऱ्या दिवशी अर्जावर बाळाच्या वडिलांचीपण सही पाहिजे, ते तर दवाखान्यात! परत दवाखाना, परत नगरपालिका. तिसऱ्या दिवशी क्लार्क जेवायला गेलेला, मी बाकावर बसून, दूध भरून ब्लाउज ओला झालेला आणि तिकडे लेकरू वाटीचमच्याने पितंय. शेवटी रजिस्टर काढलं, एका ओळीत नाव लिहिलं, शिक्का मारला, दहा मिनिटं पण लागली नाहीत. ह्या दहा मिनिटांसाठी तीन दिवस! अजून आठवलं की डोकं तापतं.

म्हणून सांगते, बारसं झालं की लगेच दाखल्यावर नाव घाला, नोंदणीपासून वर्षाच्या आत फी पण लागत नाही.

ऑपरेशन डाव्या बाजूने बरगड्यांमधून झालं, नीट झालं. पण घरघरीचा आवाज लगेच गेला नाही आणि मी घाबरून रडलेच. डॉक्टर म्हणाले इतके महिने दाबलेली श्वासनलिका मऊ पडलीये, घट्ट व्हायला वेळ लागतो. हे आधीच विचारून ठेवा.

आणि हो, एक राहिलं, घरी आवाज यायला लागला की मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, ओपीडीत बाळ नेमकं शांत असतं. आमचं निदान पुढे सरकलं ते त्या व्हिडिओमुळेच.

आता ऑपरेशनला आठ महिने झालेत. सर्दी झाली की थोडी घरघर येते, पण बाटली मध्ये न थांबता संपवतो.