बोलावल्याशिवाय न येणारा पाहुणा

आज कोथरूडात दिवसभर पावसाची पिरपिर. भाची राहायला आलेली, त्यामुळे रिमोट तिच्या ताब्यात आणि 'द व्हॅम्पायर डायरीज' सुरू. २००९ ते २०१७, ८ सीझन, १७१ भाग! मी कॉलेजात असताना मैत्रिणीच्या पेन ड्राइव्हवरून पाहिली होती. एलेना नावाच्या शाळकरी मुलीवर जीव टाकणारे दोन रक्तपिपासू व्हॅम्पायर भाऊ, स्टीफन आणि डेमन. तेव्हापासून मी पक्की स्टीफनवाली. भाची मात्र डेमनच्या बाजूची. "मावशी, स्टीफन किती बोअर आहे गं, सारखा डायरी काय लिहितो!" (हिला डायरी म्हणजे काय ते तरी माहितीये का?)

आई शेजारी मेथी निवडत बसलेली. घरातल्याने 'ये' म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरा ओलांडता येत नाही, हे कळल्यावर म्हणाली, "वळण चांगलंय हो." पण दोघा भावांचं वय दीडशेच्या वर आणि एलेना शाळेत, हे समजल्यावर मेथीची जुडी खाली ठेवली. "आणि हिच्या घरचे काही बोलत नाहीत?"

मला विचाराल तर खरी मजा कॅथरिनची, म्हणजे हुबेहूब एलेनासारख्या दिसणाऱ्या व्हॅम्पायरची. नीना डोब्रेव्हच दोघी करते, पण केस कुरळे झाले की नजरसुद्धा बदलते बाईची. सहाव्या सीझननंतर नीना मालिका सोडून गेली आणि माझा जीव रमेना. शेवटच्या भागात परत आली तेव्हा रडले, ते सोडा.

सातला बेल वाजली. शेजारच्या काकू, हातात भज्यांची ताटली. "आत येऊ का?"

भाची ओरडली, "आजी, नको म्हण!"