चिनी मित्रांना 'वेअर' शिकवताना : आत्तापर्यंतची प्रगती

लँग्वेज एक्स्चेंजवाल्यांनो, अपडेट देतोय. सध्या 'वेअर' (wear, म्हणजे अंगावर घालणं) चालू आहे आणि या एका शब्दात इतकं काही दडलंय की मला त्यातून बाहेरच पडावंसं वाटत नाहीये.

मँडरिनमध्ये यासाठी मुख्य क्रियापदं दोन, छ्वान आणि ताय (पिनयिनमध्ये, म्हणजे चिनीच्या रोमन लिपीतल्या लेखनात, डी लिहितात पण उच्चार आपल्या त च्या जवळचा). शर्ट, पँट, बूट छ्वान, आणि टोपी, चष्मा, घड्याळ, अंगठी, मास्क ताय. पायमोजे छ्वान पण हातमोजे ताय, हे मला फार आवडलं! आपणही साडी नेसतो, शाल पांघरतो, चष्मा लावतो, त्यामुळे हे पटकन डोक्यात बसतं. इंग्रजीत सगळ्याला एकच वेअर म्हटलं की ते खूशच होतात.

खरी मेख आहे वेअर आणि पुट ऑनमध्ये. नुसतं छ्वान म्हटलं तर कपडा चढवणंही तेच आणि अंगात असणंही तेच, म्हणून मग सकाळपासून लाल ड्रेसमध्ये असलेली मुलगीसुद्धा 'आय अ‍ॅम पुटिंग ऑन अ रेड ड्रेस टुडे' म्हणते. नियम सांगून फार फरक पडत नाही, त्यांच्याच भाषेतून गेलं की पडतो: छ्वान-शांग म्हणजे पुट ऑन, छ्वान-च म्हणजे वेअरिंग. मी व्हिडिओ कॉलवर जॅकेटच्या एका बाहीत हात घालून तसाच थांबतो आणि विचारतो, आत्ता काय चाललंय? पुटिंग ऑन. चेन लावून खुर्चीत बसलो की, आता? वेअरिंग. हे झाल्यावर पुन्हा सांगावं लागत नाही.

दाढी आणि परफ्यूमला मात्र वेळ द्या. इंग्रजीत दाढीसुद्धा वेअर करता येते, चिनीत ती आपल्यासारखीच 'राखतात', आणि परफ्यूम फवारतात. बूट झिजले याला वेअर आउट, तिथे त्यांचा मो येतो, म्हणजे घासणं, आणि तो लावून दिला की अर्थ लगेच लागतो. वोअर, वॉर्न ही रूपं पाठच करावी लागतात, चिनी क्रियापदाचं रूप बदलत नाही ना.

पुढे टेक ऑफ घेणार आहे. तिथेही जोडी आहेच, कपडे-बूट काढायला थ्वो आणि टोपी-चष्मा काढायला चाय. कोणी आधी शिकवलं असेल तर कुठल्या वस्तूंपासून सुरुवात केली ते सांगा.