थांबलेला प्रोग्राम आणि अडलेले पोर्ट

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पावसहून चुलत भावाचा फोन आला, तेव्हा मी रत्नागिरीत घरी जेवायला बसलो होतो. “दादा, लेबलं निघत नाहीत आणि प्रोग्राम पुन्हा सुरूही होत नाही,” एवढेच तो म्हणाला. काकांच्या बागेतल्या हापूसच्या पेट्यांची मागणी नोंदवून घेणारा आणि प्रत्येक पेटीसाठी गिऱ्हाइकाचे नाव, गाव व डझनांचा आकडा असलेले लेबल छापणारा एक छोटा प्रोग्राम मी त्यांना नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनात) लिहून दिला आहे. शेडमधल्या जुन्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) लॅपटॉपवर तो ३००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे येणाऱ्या जोडण्यांसाठीच्या त्या क्रमांकाच्या दारावर, चालतो आणि घरची मंडळी फायरफॉक्स उघडून तो वापरतात.

पडद्यावर काय दिसते ते मी वाचायला सांगितले. त्याने ‘ई, ए, डी, डी, आर’ अशी सुरुवात करताच पुढचे मला कळले. पत्ता आधीच वापरात आहे, अशी ती तक्रार असते. एका यंत्राच्या एका पत्त्यावर एका टीसीपी पोर्टवर सर्वसाधारणपणे एकच प्रोग्राम कान देऊन बसू शकतो; दुसरा आला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याला दारातूनच परत पाठवते. पोर्टचा क्रमांक १६ बिटांचा असल्यामुळे तो ६५,५३५ पर्यंत जाऊ शकतो, आणि म्हणून ३००० अडले तर ३००१ घ्यावे, असा मोह होतो. मी तो टाळतो, कारण पहिला प्रोग्राम जिवंतच असेल तर दोन प्रती एकाच फाइलमध्ये लिहू लागतात आणि एका पेटीची दोन गिऱ्हाइके होतात.

“जुना प्रोग्राम बंद केला होतास का?” या प्रश्नावर “सकाळीच केला, तसं लिहूनही आलं,” असे ठाम उत्तर मिळाले. मग पोर्ट कोणाकडे आहे ते दाखवणारी आज्ञा मी त्याला अक्षरे सुटी करून सांगितली: ‘एलएसओएफ’, जागा, ‘-आय’, जागा, मग विसर्गासारखी दोन टिंबे आणि त्यांना चिकटून ३०००. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, हे सगळे रोमन लिपीत आणि ही अक्षरे लहान लिपीतच हवीत. आज्ञेने दोन ओळी दिल्या. पहिलीत नोड, प्रक्रिया क्रमांक (चालू प्रोग्रामला सिस्टिमने दिलेला आकडा) ४१२७ आणि शेवटी ‘लिसन’, म्हणजे कान देऊन बसलेला. दुसरीत फायरफॉक्स आणि शेवटी ‘एस्टॅब्लिश्ड’, म्हणजे जोडणी झालेला.

ही दुसरी ओळ नीट पाहण्यासारखी आहे. ‘एलएसओएफ’ला नुसते पोर्ट दिले, तर ते पोर्ट धरून बसलेला आणि त्या पोर्टशी बोलणारा, असे दोघेही ती दाखवते. या आज्ञेचे उत्तर जसेच्या तसे ‘किल’च्या, म्हणजे प्रक्रिया संपवणाऱ्या आज्ञेच्या, हाती देणारी एकोळी युक्ती सगळीकडे सांगितली जाते, ती वापरली असती, तर नोडबरोबर काकूंचा अर्धा भरलेला फॉर्म उघडा असलेला फायरफॉक्सही गेला असता. मारायची ती प्रक्रिया फक्त ‘लिसन’वाली. लिनक्सवर ‘एसएस -एलटीएनपी’ ही आज्ञा फक्त ‘लिसन’वाल्याच ओळी दाखवते. प्रक्रिया दुसऱ्या वापरकर्त्याची असेल, तर दोन्ही आज्ञांच्या आधी ‘सुडो’ (प्रशासकाच्या अधिकाराने चालव, असे सांगणारा शब्द) लावावे लागते, नाहीतर धरून बसलेल्याचे नाव कळत नाही.

मी त्याला ‘किल ४१२७’ टंकायला लावले. काहीच झाले नाही. पुन्हा पाहिले, तर ४१२७ जागच्या जागी. इथे बहुतेकांचा हात ‘किल -९’कडे जातो, आणि गेल्या वर्षी माझाही गेला होता. माझा प्रोग्राम नव्या मागण्या आधी मेमरीत ठेवतो, दर पंधरा मिनिटांनी फाइलमध्ये उतरवतो, आणि साध्या ‘किल’चा म्हणजे १५ क्रमांकाचा सिग्नल (संपण्याचा निरोप) मिळाला, तर शिल्लक राहिलेले लिहून मगच संपतो. नऊ क्रमांकाचा सिग्नल प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्याला परस्पर संपवतो. त्या वेळी गेलेल्या मागण्या काकूंनी फोनमधले आलेले कॉल बघत, एकेकाला पुन्हा विचारत वहीत उतरवल्या होत्या, आणि त्याबद्दल मला ऐकून घ्यावे लागले होते.

म्हणून या वेळी मी आधी विचारले की, सकाळी ‘लिहून आलं’ ते नेमके काय? जुनी खिडकी मागे उघडीच होती. तिच्यात शब्द होता ‘स्टॉप्ड’.

त्याने प्रोग्राम संपवणाऱ्या कंट्रोल-सी ऐवजी कंट्रोल-झेड दाबले होते. कंट्रोल-झेडने प्रोग्राम संपत नाही, तो जागीच गोठतो. मेमरी, उघड्या फाइली आणि पोर्ट, सगळे त्याच्याच ताब्यात राहते. सकाळपासून फायरफॉक्समधले पान नुसते गरगरत का होते, याचाही उलगडा झाला: जोडणी कर्नल स्वीकारत होता, पण उत्तर देणारा गोठलेला होता. पोर्टवर कोणीच नसते, तर ब्राउझरने लगेच नकार कळवला असता. आणि १५ क्रमांकाचा सिग्नल गोठलेल्या प्रक्रियेच्या दाराशी नुसता पडून राहतो, ती जागी होईपर्यंत. ‘किल -सीओएनटी ४१२७’ म्हटल्याबरोबर तो जागा झाला, पडून राहिलेला निरोप त्याने घेतला, फाइल लिहिली आणि तो गेला. जुन्या खिडकीत गोठलेल्याला पुन्हा चालू करणारे ‘एफजी’ टंकले असते, तरी चालले असते.

विंडोजवर हेच काम ‘नेटस्टॅट -एएनओ’ने क्रमांक शोधून आणि ‘टास्ककिल’ला तो क्रमांक देऊन होते. मारलेला प्रोग्राम नव्या क्रमांकाने लगेच परत उभा राहत असेल, तर त्याला सिस्टिमडीसारखा (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) कोणीतरी राखणदार पुन्हा सुरू करत असतो. तिथे ‘किल’ करत बसू नये, ‘सिस्टिमसीटीएल स्टॉप’ आणि त्या सेवेचे नाव द्यावे. मॅकवर ५००० क्रमांक अडलेला दिसला, तर २०२१ च्या मॉन्टेरे या मॅकओएस आवृत्तीपासून तो एअरप्ले रिसीव्हरकडे (इतर उपकरणांवरचे चित्र-आवाज मॅकवर घेणाऱ्या सोयीकडे) असतो, आणि तो सेटिंगमधून बंद करता येतो.

पुढच्या रविवारी पावसला गेलो, तेव्हा प्रोग्राम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये नोडच्या वर ‘एसटीटीवाय एसयूएसपी अनडेफ’ ही एक ओळ घातली. तिच्यामुळे त्या खिडकीत कंट्रोल-झेडने काहीही गोठत नाही. लॅपटॉपचा ‘झेड’ बिघडला आहे, असे चुलत भाऊ आता येईल त्याला सांगतो, आणि मी अजून खुलासा केलेला नाही.