नॉटिंगहॅममध्ये सगळेच बदक

नॉटिंगहॅमच्या बसमध्ये चढलात की ड्रायव्हर तुम्हाला बदक म्हणतो. 'ऑल राइट, डक?' एवढं बोलून तो दार लावून घेतो. भाजीच्या दुकानातली बाई सुट्टे पैसे हातावर ठेवताना म्हणते, स्टेशनवरचा तिकीट तपासनीस म्हणतो, दातांच्या डॉक्टरांकडे फोन घेणारी मुलगी म्हणते. पुरुष बाईला म्हणतो, बाई पुरुषाला म्हणते, आणि लंडनकडच्या इंग्रजांनाही ज्याची गंमत वाटते ते म्हणजे पुरुष पुरुषालाही म्हणतो. दंडावर फुटबॉल क्लबचं गोंदण असलेला आडदांड गडी दुसऱ्या तशाच गड्यासाठी दार धरून ठेवतो आणि तो दुसरा जाता जाता म्हणतो, 'टा, डक.' टा म्हणजे थँक्यू.

'तिकडे दुकानदारसुद्धा डार्लिंग म्हणतात का गं?' हा प्रश्न मला घरून अजून येतो. म्हणतात, पण ते लंडनमध्ये. आम्ही राहतो ते इंग्लंडच्या पोटातलं गाव, लंडनच्या उत्तरेला साधारण २०० किलोमीटरवर. नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर आणि पश्चिमेला चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं स्टोक-ऑन-ट्रेंट, हा सगळा डकचा मुलूख. कोळशाच्या खाणी, लेस विणण्याचे कारखाने, रॅले कंपनीच्या सायकली, डर्बीत रेल्वे आणि विमानांची इंजिनं, असा हा कामगारांचा पट्टा. खाणी आता गेल्या. नॉटिंगहॅमशायरमधली शेवटची खोल खाण, थोर्झबी, २०१५ साली बंद झाली. बोली मात्र टिकून आहे.

इथलं पूर्ण अभिवादन 'एय अप, मी डक' असं आहे. 'एय अप' म्हणजे 'काय, कसं काय?' आणि 'मी' म्हणजे 'माय'. मराठी कानाला मात्र समोरचा स्वतःचीच ओळख करून देतोय असं वाटतं. आपल्याकडून नवा कुणी आला की पहिल्या आठवड्यात हा विनोद त्याचा तो करतोच, आणि आम्ही सगळे पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतो.

हा शब्द आला कुठून, असं इथल्या म्हाताऱ्यांना विचारलं की ते तुम्हाला बसवून घेतात. त्यांच्या मते पक्ष्याशी याचा काही संबंध नाही. जुन्या अँग्लो-सॅक्सन काळात सरदाराला असाच काहीसा शब्द होता, 'ड्यूक' त्यातूनच आला, म्हणजे आम्ही एकमेकांना सरदार म्हणतो! ऐकायला झकास आहे. मला पटत नाही. 'ड्यूक' हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत शिरलेला शब्द आहे. 'डक'चं मूळ पाण्यात बुडी मारण्याच्या जुन्या इंग्रजी शब्दात आहे आणि लाडाने बदक म्हणण्याची चालही भरपूर जुनी आहे. शेक्सपिअरच्या 'पाचव्या हेन्री'त, साधारण १५९९ साली, युद्धावर निघालेला पिस्टल बायकोला दुकान सांभाळायच्या चार गोष्टी बजावतो आणि तिला 'माय डक' म्हणतो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी हा शब्द रंगमंचावर, म्हणजे सगळ्या देशाला कळेल असा, बोलला जात होता. पुढे बाकीच्या इंग्लंडने तो बहुतेक सोडून दिला, या पट्ट्याने धरून ठेवला. सरदारापेक्षा मला ही गोष्ट जास्त आवडते.

आता वापराकडे येते, कारण खरी मजा तिथे आहे.

डक शक्यतो वाक्याच्या शेपटीला लागतो आणि त्यावर जोर नसतो. 'तीन पौंड वीस, डक.' 'पिशवी हवी का, डक?' तो जोर देऊन, डोळ्यांत बघून म्हटला तर विचित्र वाटेल. त्याला उत्तर द्यावं लागत नाही, हसावंही लागत नाही. त्यात प्रेम किती? फार नाही. पण 'तू परका आहेस हे मला दिसलं, चालतंय' एवढं त्यात नक्की असतं. इथे शरदात गूज फेअर नावाची जुनी जत्रा भरते. तिथे मशी पीज मिळतात, म्हणजे सुके हिरवे वाटाणे भिजवून गाळ होईतो शिजवलेले. आपला रगडाच, पण मिरची-मसाल्याविना, आणि वरून पुदिन्याचं आंबटगोड सॉस. थंडीत हात चोळत रांगेत उभं राहावं, पुढे झाकण उघडताच वाफेने बाईचा चष्मा धुरकटावा आणि तिने न बघताच विचारावं, 'मिंट सॉस, डक?' तिला समोर कोण उभं आहे हे त्या क्षणी खरोखरच दिसत नसतं. म्हणजे शब्द वापरायला माणूस दिसायचीही गरज नाही.

सासूबाई सांगलीहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या तेव्हाची गोष्ट सांगते. औषधाच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीने त्यांच्या हातात गोळ्यांची पिशवी दिली आणि म्हणाली, 'देअर यू गो, डक.' बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाली ती?"

"डक म्हणाली. बदक."

"कुणाला?"

"तुम्हाला."

त्या दोन पावलं चालल्या. गुडघे दुखतात म्हणून तर गोळ्या आणल्या होत्या. मग म्हणाल्या, "चाल बघून म्हणाली असेल."

मी त्यांना समजावलं की इथे सगळ्यांनाच म्हणतात. त्यांनी ते लगेच स्वीकारलं, माझ्यापेक्षा कितीतरी लवकर. पुढच्या वेळी त्या मुलीने डक म्हटल्यावर सासूबाईंनी तिला मराठीत 'बरं बाळा' असं उत्तर दिलं. दोघींचा व्यवहार चोख झाला. मी मध्ये दुभाषी म्हणून उभी होते, माझी काही गरज लागली नाही.

गाव बदललं की संबोधन बदलतं. उत्तरेकडे यॉर्कशायरमध्ये गेलात की डकची जागा 'लव्ह' घेतो, आणि तिथेही पुरुष पुरुषाला बिनदिक्कत लव्ह म्हणतो. न्यूकॅसलला 'पेट'. बर्मिंगहॅमला 'बॅब'. ग्लासगोत बायकांना 'हेन', म्हणजे कोंबडी. पण पुरुषांना कुणी कोंबडा म्हणत नाही, त्यांच्यासाठी 'पॅल', म्हणजे दोस्त, वगैरे आहे. कॉर्नवॉलला 'माय हँडसम', तेही दिसण्याची कुठलीही अट न घालता. सगळ्यात जपून राहायचं ते ब्रिस्टलला. तिथे 'माय लव्हर' म्हणतात. आमच्या ओळखीतले एक जण पुण्याहून थेट ब्रिस्टलला आले. बसवाल्याने त्यांच्या बायकोला 'चिअर्स, माय लव्हर' म्हटल्यावर उतरून त्याच्याशी बोलावं की काय याचा त्यांनी पुढचे तीन स्टॉप विचार केला. चौथ्या स्टॉपवर त्याच ड्रायव्हरने एका आजोबांना तेच म्हटलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

आमच्या भागात पुरुषांसाठी आणखी एक आहे: 'यूथ'. 'एय अप, यूथ!' पबच्या दारात सत्तरी ओलांडलेले दोन गृहस्थ काठ्या सावरत एकमेकांना हे म्हणताना मी ऐकलंय. आपल्याकडे 'काय तरुण तुर्क?' म्हणतात त्यात चेष्टा असते. इथे चेष्टा नाही, सवय आहे.

आणि इथेच मला डकबद्दल जे म्हणायचंय ते येतं. आपण मराठी माणसं अनोळखी माणसाला हाक मारण्याआधी केवढा हिशेब करतो! वय किती, लग्न झालेलं दिसतंय का, कपडे कसे आहेत, आपल्यापेक्षा वर की खाली. मग त्या हिशेबाप्रमाणे दादा, काका, आजोबा, ताई, मावशी, काकू, मॅडम, साहेब. कोल्हापुरात सरळ 'भावा' म्हणून मोकळे होतात, पण त्यालाही वयाचं कुंपण आहेच. रिक्षावाल्याला 'काका' म्हणायचं की 'दादा', यात आपण त्याला किती म्हातारं ठरवतोय हे असतं आणि भांडीवालीला 'मावशी' म्हणून पुन्हा 'अगं' म्हणायचं, यात काय काय असतं ते मी सांगायला नको. मागच्या सुट्टीत पुण्यात एका दुकानात माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान असेल अशा पोराने मला 'काकू, मागे व्हा जरा' म्हटलं. मागे झाले. पण त्या दिवशी केस रंगवायचं सामानही घेऊन आले.

डक यातलं काहीच विचारत नाही. शाळेतली पोर डक, तिची आई डक, तिची आजीही डक. युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक डक आणि त्यांच्या खोलीतला कचरा उचलणाराही डक. मी साडीत डक आणि रेनकोटातही डक. नव्या देशात आलेल्या माणसाला आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत हे सतत चाचपावं लागतं; त्या काळात या एका शब्दाचा मला फार आधार वाटला. पायऱ्या इथेही आहेत, भरपूर आहेत, आणि त्या उच्चारावरून लगेच कळतात. डक म्हणणाऱ्याची पायरी कळते, हे गंमतीचं आहे. बँकेतला मॅनेजर म्हणत नाही. इथेच जन्मलेली माझी एक सहकारी मीटिंगमध्ये अगदी बातम्या देणाऱ्यांसारखं इंग्रजी बोलते आणि आईचा फोन आला की क्षणात डकवर येते. सातारचा माणूस पुण्याच्या ऑफिसात 'नाही ना' म्हणतो आणि गावाकडच्या फोनवर 'न्हाय की' म्हणतो, त्यातलाच प्रकार.

सगळीच लाडाची संबोधनं अशी निरागस नसतात, हेही सांगायला हवं. 'डिअर' घ्या. पत्राच्या सुरुवातीला तो सभ्य. बोलताना, विशेषतः पुरुषाने बाईला म्हटला, की बऱ्याचदा टोचतो. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून भर संसदेत विरोधी बाकावरच्या अँजेला ईगल यांना 'काम डाउन, डिअर', म्हणजे 'शांत हो गं', असं म्हणाले. जुन्या विम्याच्या जाहिरातीतलं ते वाक्य होतं, त्यांना वाटलं विनोद होईल. गदारोळ झाला. बॉसने हाताखालच्या बाईला 'स्वीटहार्ट' म्हणणं आता महागात पडू शकतं. २०१० च्या समानता कायद्याखाली तक्रार होऊ शकते. हॉस्पिटलातही पेशंटला सरसकट 'लव्ह', 'डार्लिंग' म्हणावं का यावर इथे वाद चालतो. पुष्कळ वॉर्डांत पलंगाच्या वरच्या फळ्यावर 'मला काय म्हणून हाक मारलेली आवडेल' अशी एक ओळच असते. बऱ्याच वृद्धांना अनोळखी नर्सने लाडाने बोलणं म्हणजे आपल्याला लहान मूल समजणं वाटतं. काहींना त्याच शब्दाने बरं वाटतं. मला विचाराल तर डक यातून सुटतो, कारण तो खालून वरही म्हटला जातो. साफसफाई करणारी बाई सर्जनला डक म्हणू शकते. जो शब्द फक्त वरून खाली येतो, त्याच्यापासून जपून राहावं.

आपण म्हणावं का? इथल्या मराठी मंडळींत यावर दोन तट आहेत. काहींच्या मते आपल्या तोंडी ते नाटकी वाटतं. मी अजून मोठ्याने म्हणत नाही, पण बसमधून उतरताना 'चिअर्स' पाठोपाठ ओठांवर येतं खरं. पुढची पिढी मात्र पार हातची गेलीय. मुलगी पावाला 'कॉब' म्हणते, रुसलेल्याला 'मार्डी' म्हणते, आणि व्हिडिओ कॉलवर आजोबांना 'एय अप, आजोबा' म्हणते. आजोबांनी त्याचा अर्थ विचारला नाही. ते तिकडून 'अप, अप' म्हणतात.

एक भ्रम मात्र बाळगू नये. आपल्याकडे कुणी 'मावशी' म्हटलं की त्याच्यावर थोडीफार जबाबदारी येते. तो पिशवी उचलतो, जागा देतो, निदान दोन रुपये कमी करतो. नातं लावलं की ते थोडं निभावावं लागतं. डकमध्ये निभावायचं काही नसतं. 'सॉरी, डक' म्हणून बसवाला तुमच्या तोंडावर दार लावतो, तेव्हाही त्याचा आवाज तितकाच गोड असतो.

गेल्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडला तेव्हा प्लंबरचा मेसेज आला: 'सकाळी आठला येतो, डक', आणि शेवटी इंग्रजी 'एक्स'. ही इथली आणखी एक रीत, मेसेजच्या शेवटी पापा. नवऱ्याने तो मेसेज दोनदा वाचला. मी म्हटलं, त्यात काही नाही, सगळ्यांनाच पाठवतात. प्लंबर साडेदहाला उगवला. नवऱ्याने दार उघडलं, तर त्यालाही म्हणाला, 'एय अप, मी डक, किटली ठेवलीय का?'